खदानीतला दगड गेला, आता माती कोण आणणार?



आपल्या गटांच्या बैठकांत बचत, कर्ज, हप्ते झाले की शेवटी एक प्रश्न हमखास निघतो. गावाबाहेर बंद पडलेली जी खदान आहे, तिचं काय करायचं? कुठं त्यात पाणी साचतं आणि पोरं पोहायला जातात म्हणून जीव टांगणीला लागतो. कुठं गावाचा कचरा तिथंच जाऊन पडतो. कुठं शेळ्या नेल्या तर तोंड लावायला काडी नसते. पूर्वी ते गायरान होतं, हे आता सासूबाईंच्या पिढीलाच आठवतं. म्हणून आज आपण खदानीचा इतिहास बोलू. ती कशी पडली, आणि अशा जागा देशात कुठं कुठं पुन्हा हिरव्या झाल्या, तिथं नेमकं काय केलं, हे पाहू.

आपली अंबाजोगाई दगडाचीच नगरी आहे. जयवंती नदीच्या काठची लेणी, ज्याला आपण हत्तीखाना म्हणतो, ती उभ्या खडकात कोरलेली आहेत. अंगणातले हत्तीसुद्धा त्याच खडकाचे. बाराखांबी मंदिर, खोलेश्वराचं मंदिर हे यादवांच्या काळातलं काम. इथल्या एका शिलालेखात एका बाईचं नाव आहे. सेनापती खोलेश्वराची लेक लक्ष्मी. तिचा भाऊ राम लढाईत पडला, त्याच्या आठवणीसाठी तिनं मंदिर बांधलं. साल शके ११६२, म्हणजे इसवी सन १२४०. पावणेआठशेहून जास्त वर्षं झाली, तरी त्या बाईचं नाव दगडानं सांभाळून ठेवलंय.

पण त्या काळी दगड काढायचा तो छिन्नी, पहार आणि माणसाच्या हातानं. जेवढा लागे तेवढाच निघे. डोंगराला त्यानं ओरखडा पडायचा, भगदाड पडायचं नाही. डोंगराचं पोट फुटलं ते रस्ते, धरणं, सिमेंटची घरं आली तेव्हा. आणि त्या गोष्टीत आपल्या आयाबायांचा हात लागलेला आहे, हे विसरून चालणार नाही.

१९७२ चा दुष्काळ आठवा. आपल्याला नाही आठवणार, पण घरात कुणीतरी असेल ज्यांनी तो भोगला. १९७० पासूनच पाऊस ओढ देत होता, आणि ७२ साली तर मराठवाड्यात पेरलेलं उगवलंच नाही. सरकारनं दुष्काळी कामं काढली. मे १९७३ मध्ये राज्यभरच्या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. तलाव, बांध, रस्ते आणि ठिकठिकाणची खडी केंद्रं. मोठा दगड पुढ्यात घ्यायचा, हातोडीनं फोडायचा, ढीग लावायचा, ढीग मोजला की पैसे. ऊन डोक्यावर, लेकरू साडीच्या झोळीत, खायला सुकडी आणि मिलोची लाल भाकरी. त्या कामांवर बायकांची संख्या फार मोठी होती. त्याच अनुभवातून पुढं रोजगार हमीचा कायदा आला. वि. स. पागे यांनी त्या योजनेची मांडणी केली, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, असा हक्क देशात पहिल्यांदा महाराष्ट्रानं दिला.

लक्ष्मीचं नाव शिलालेखात राहिलं. खडी फोडणाऱ्या आपल्या आज्यांची नावं मस्टरवर राहिली, तीही अंगठ्याच्या ठशाखाली. म्हणजे या भागातल्या रस्त्यांखाली त्यांचे हात आहेत. म्हणून खदान म्हटलं की नुसती नाकं मुरडून चालत नाही. त्या दगडानं दुष्काळात चुली पेटवल्यात. आजही वडार समाजाच्या कितीतरी घरांची चूल दगडावरच पेटते. प्रश्न दगड काढण्याचा नाही. काढून झाल्यावर जागा तशीच उघडी टाकून जाण्याचा आहे.

आता उघडी टाकली म्हणजे काय होतं ते समजून घेऊ. आपल्या बालाघाटचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्याच्यावर मुरूम, मुरमावर मातीचा थर. ही माती पाऊस, ऊन, मुळं, किडे यांनी मिळून बनवलेली असते. एक इंच माती व्हायला शेकडो वर्षं जातात. खदान सुरू करताना पहिल्याच दिवशी यंत्र हा थर खरवडून बाजूला लोटतं, आणि दोन पावसाळ्यांत तो ओढ्यानं वाहून जातो. खाली उरतो नुसता कातळ आणि चुरा. त्यात पाणी धरायची ताकद नसते, झाडाला लागणारं अन्न नसतं, आणि मातीत जे डोळ्यांना न दिसणारे जीव असतात तेही नसतात. तिथं वनमहोत्सवाला खड्डा करून रोप लावलं, फोटो काढला, तरी मार्च महिन्यात ते वाळून जातं. दोष रोपाचा नसतो. आपण चूल न पेटवताच तवा ठेवलेला असतो.

मग कुणी कसं केलं ते पाहू. सुरुवात बायकांपासूनच करू.

हिमालयाच्या पायथ्याला डेहराडून. त्याच्या वर मसुरीचे डोंगर, पोटात चुनखडी. तिथं इतक्या खाणी झाल्या की डोंगर पांढरे पडले, झरे आटले, दरडी शेतांवर येऊ लागल्या. १९८३ मध्ये तिथल्या एका संस्थेनं सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयानं ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं. १२ मार्च १९८५ च्या आदेशानं बऱ्याच खाणी बंद झाल्या. पर्यावरणाचा तोल राखण्याविषयीचा असा हा देशातला पहिलाच खटला आहे, असं न्यायालयानंच त्यात नोंदवलं. आणखी एक गोष्ट त्या आदेशात होती, ती आपल्या फार कामाची आहे. खाणी बंद पडल्यानं ज्या मजुरांचा रोजगार जाईल, त्यांना शक्यतो त्याच भागात झाडं लावण्याच्या आणि माती धरून ठेवण्याच्या कामावर घ्यावं, असं न्यायालय म्हणालं. डोंगर वाचवायचा की पोट, असा वाद कुणी घातला तर त्याला हे उत्तर आहे.

तरीही सगळ्या खाणी थांबल्या नाहीत. सिंस्यारू खाला नावाच्या खोऱ्यातली खाण चालूच होती. १९८६ साली तिथल्या नाहीकला आणि आसपासच्या गावांतल्या बायकांनी रस्त्यावर ठाण मांडलं आणि दगडाचे ट्रक अडवले. त्यांतल्या चामुंडेई आणि इतवारी देवी यांची नावं पुस्तकांत आली आहेत. या गवताला, लाकडाला, पाण्याला जाणाऱ्या साध्या बायका होत्या. झरा आटला तर हंडा आणखी लांबून आणावा लागतो, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि उजाड झालेल्या डोंगरांचं पुढं काय झालं? १९८२ मध्येच माजी सैनिकांची एक पर्यावरण पलटण उभी करून मसुरीच्या डोंगरांवर कामाला लावली होती. त्यांनी आधी बांध घातले, घळी अडवल्या, गुरांना बंदी केली आणि मग झाडं लावली. हळूहळू ते डोंगर पुन्हा हिरवे झाले. आधी दगड काढणं थांबलं, मग पाणी आणि माती अडली, मग झाड. हा क्रम लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली, नागपूर जिल्ह्यातली. सावनेर तालुक्यात गुमगावला मँगनीजची खाण आहे. मँगनीज काढताना नको असलेला दगड-चुरा बाजूला टाकतात, त्याचे डोंगर होतात. त्यावर गवताचं पातं उगवत नव्हतं. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनं, म्हणजे नीरीनं, हे काम हाती घेतलं. त्यात पुढाकार होता एका बाईचा, डॉ. आशा जुवारकर यांचा.

त्यांनी काय केलं ते ऐका, कारण त्यातली निम्मी सामग्री आपल्याच तालुक्यात आहे. साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर जो काळा गाळ उरतो, त्याला प्रेसमड म्हणतात. तो सेंद्रिय असतो, पाणी धरतो. ढिगाऱ्यावर खड्डे घेऊन त्यांत हा गाळ मिसळला. मग रोपांच्या मुळांना उपयोगी जीवाणू आणि एक प्रकारची बुरशी लावली. डाळीच्या बियाण्याला आपण जिवाणूखत चोळतो ना, रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर, तेच. आणि ही जी बुरशी आहे, ती मुळांना चिकटून राहते आणि झाडाला लांबलांबून ओल आणि अन्न आणून देते. झाड तिला साखर देतं. आपल्या गटासारखाच व्यवहार, देवाणघेवाणीचा. एवढी तयारी केल्यावर साग, शिसम, कडुनिंब, आवळा, बांबू अशी झाडं त्या दगडाच्या ढिगावर जगली, वाढली. पाला पडू लागला, पाल्याची माती होऊ लागली, पाखरं आली. ज्याला ओसाड म्हणत होते तिथं रान उभं राहिलं.

बीड जिल्हा उसाचा. प्रेसमड इथं कारखान्याच्या आवारात पडलेला असतो. शेणखत, गांडूळखत तर आपले कितीतरी गट स्वतः बनवतात. म्हणजे खदानीत माती बनवायला लागणारं ज्ञान आपल्याला नवं नाही. फक्त शेताच्या बांधापलीकडं ते कधी नेलं नव्हतं.

तिसरी गोष्ट परदेशातली आहे, पण ऐकण्यासारखी. आफ्रिकेत केनिया देशात मोंबासा शहराजवळ सिमेंटच्या कारखान्यासाठी चुनखडी काढून काढून मोठी खदान झाली होती. १९७१ च्या सुमारास रेने हॅलर नावाच्या शेतीतज्ज्ञानं तिथं झाडं लावायचं मनावर घेतलं. २६ जातींची झाडं लावून पाहिली. सहा महिन्यांनी त्यांतल्या तीनच जाती तग धरून होत्या. त्यांत एक होतं सुरूचं झाड. मग सुरूच लावलं. ते वाढलं, पण त्याची सुईसारखी पानं खाली पडून तशीच राहू लागली, कुजेनात. पान कुजलं नाही तर माती कशी व्हायची? शेवटी हॅलर यांनी पैसा किडा आणून सोडला. तोच, जो पावसाळ्यात आपल्या ओट्यावर येतो आणि हात लावला की गोल वेटोळं करतो, त्याच्या जातीतला. त्या किड्यांनी ती पानं खाल्ली, त्यांच्या विष्ठेची काळी माती झाली, आणि त्या मातीत मग शेकडो जातींची झाडं आली. आज त्या जागेला हॅलर पार्क म्हणतात. लोक तिकीट काढून पाहायला जातात. तेव्हा उद्या अंगणात पैसा दिसला तर झाडूनं लोटताना एवढं आठवा.

चौथी गोष्ट दिल्लीजवळची, गुरुग्रामची. तिथं अरवली डोंगरात दगडाच्या खाणी आणि क्रशर होते. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं खाणकाम थांबलं. २०१० पासून शहरातल्या नागरिकांनी आणि नगरपालिकेनं मिळून सुमारे ३८० एकर जागा हाती घेतली. विजय धस्माना यांच्या देखरेखीखाली काम झालं. त्यांनी एक नियम पाळला. अरवलीत मुळात जी झाडं होती तीच लावायची. त्यांचं बी डोंगरा-डोंगरातून हिंडून गोळा करायचं, रोपवाटिका आपलीच करायची. गुलमोहर नाही, निलगिरी नाही, शोभेची हिरवळ नाही. २ फेब्रुवारी २०२२ रोजी, पाणथळ दिनी, सरकारनं त्या जागेला निसर्गरक्षणाचा खास दर्जा दिला, देशातली तशी ती पहिली जागा.

या नियमाचा आपल्यासाठी अर्थ सोपा आहे. बालाघाटात जे आपसूक येतं तेच खदानीत टिकेल. बाभूळ, हिवर, बोर, पळस, खैर, करंज, आपटा, कडुनिंब. आणि सीताफळ. सीताफळ कातळाच्या फटीतही रुजतं, शेळी त्याच्या पानाला तोंड लावत नाही, आणि बीडच्या सीताफळाला तर भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. दिवाळीच्या आधी पाट्या भरून विकता येतात, गर काढून विकता येतो. पण झाडांच्याही आधी गवत. मारवेल, पवन्या, कुसळ यांची मुळं चुरा बांधून धरतात. गवत नसेल तर खदानीच्या काठाची माती पहिल्याच पावसात खाली जाते.

सगळीकडं झाडच हवं असंही नाही बरं का. खदानीच्या उभ्या कड्यात शृंगी घुबड घरटं करतं. रात्री त्याचा घुमणारा आवाज आला की आपल्याकडं अपशकुन मानतात, पण ते शेतातले उंदीर खाऊन जगतं. पिकाची राखण करणारा बिनपगारी जागल्याच तो. मुरमाच्या दरडीत वेडा राघू आणि खंड्या बीळ करून अंडी घालतात. खड्ड्यातल्या पाण्यावर बगळे, टिटव्या येतात. म्हणून कडा पाडून, खड्डा बुजवून सगळं सपाट करण्यापेक्षा, माणसाच्या बाजूनं भक्कम कुंपण, एका बाजूनं पाण्यात उतरायला सुरक्षित उतार, आणि पलीकडचा कडा पाखरांना, अशी वाटणी केलेली बरी.

आपल्या जिल्ह्यातही उदाहरण आहे. बीडजवळ पालवणचा उजाड डोंगर. ती खदान नव्हती, पण तिथंही मुरूम आणि दगडच. वनविभाग आणि सह्याद्री देवराई यांनी तिथं झाडं उभी केली. अभिनेते सयाजी शिंदे आणि आपल्या जिल्ह्याचे लेखक अरविंद जगताप त्यात पुढं होते. १३ आणि १४ फेब्रुवारी २०२० रोजी तिथं वृक्षसंमेलन भरलं आणि अध्यक्ष केलं वडाच्या झाडाला. ज्या जिल्ह्याचं नाव पेपरात दुष्काळ आणि ऊसतोडीसाठीच येतं, तिथं हे घडलं.

आता कायद्याचं बोलू, कारण ते माहीत नसलं की आपल्याला कुणीही परत पाठवतं. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पाच हेक्टरपेक्षा लहान खाणींनाही पर्यावरणाची परवानगी लागेल. म्हणजे गावची लहान खदान आहे, तिला कोण विचारतो, असं म्हणता येत नाही. दुसरा आदेश ८ जानेवारी २०२० चा. तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे, आपल्या नागपूरचे. त्यांच्या खंडपीठानं केंद्र सरकारला सांगितलं की खाणकाम संपल्यावर त्या जागेवर पुन्हा गवत आणण्याची अट खाणवाल्यांना घाला. जमीन चारा उगवेल आणि झाडं-प्राणी जगतील अशी करून द्या, आणि त्याचा खर्च त्यांनीच करायचा. देशाच्या सगळ्यात मोठ्या न्यायालयानं चाऱ्याचा विचार केला. खदानीत गवत उगवून मिळणं ही कुणाची मेहेरबानी नाही.

मग गटांनी काय करायचं? आम्हाला वाटतं, कामं चार आहेत आणि चारही आपल्या आवाक्यातली आहेत. पहिलं, आपल्या शिवारात बंद आणि चालू खदानी किती, कुणाच्या जागेत, मुदत कधी संपते, हे माहितीच्या अधिकारात तहसीलला विचारून वहीत लिहून ठेवायचं. दुसरं, ग्रामसभेत विषय मांडायचा आणि ठराव लिहून घ्यायचा. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं. तिसरं, प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असावी असं २००२ चा कायदा सांगतो. तिच्यात बायका असतातच, त्यांची नावं कुणाची आहेत ते पाहायचं, आणि खदान होण्याआधी तिथं कोणती गवतं, झाडं, पाखरं होती हे म्हाताऱ्या माणसांकडून विचारून समितीच्या नोंदवहीत उतरवायचं. चौथं, रोपवाटिका, चर, बांध, राखण ही कामं रोजगार हमीतून मागायची, आणि मागताना दगडावर राबणाऱ्या घरांना आधी विचारायचं. मसुरीच्या आदेशानं हाच रस्ता दाखवला होता.

हे एका पावसाळ्याचं काम नाही. पहिल्या वर्षी नुसतं गवत दिसेल, दुसऱ्या वर्षी टणटणी आणि काटेरी झुडपं, आणि लोक म्हणतील, हेच का तुमचं जंगल? राखण नसेल तर एका उन्हाळ्यातला वणवा तीन वर्षांचं काम खाऊन टाकतो. म्हणून आम्ही गटांना सांगतो, शंभर रोपं लावण्यापेक्षा वीस लावा आणि वीसही जगवा. कर्ज देताना आपण फेडीची ऐपत बघतो, तसंच रोप लावताना पाण्याची आणि राखणीची ऐपत बघायची.

बावन्न-त्रेपन्न वर्षांपूर्वी आपल्या आज्यांनी याच कातळावर बसून खडी फोडली. त्या कामाला पर्याय नव्हता, आणि ते त्यांनी मान खाली घालून केलं. आज त्या जागेचं काय करायचं हे ठरवताना आपल्याला मान वर करून बोलता येतं. या ग्रामसभेला जाताना गटाची वही बरोबर घ्या आणि ठरावाखाली सही करा. अंगठा नाही, सही. पुढच्या पिढीला आपली नावं तिथं वाचता यायला हवीत.